घटाला आपली माती

आमच्या भिलाईत मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि त्यावरून भांडणं होत नाहीत. बाहेरून येणारे पाहुणे याचं श्रेय आमच्या मोठ्या मनाला देतात. मी ते जमिनीला देतो.

इथला शेतकरी माती चार प्रकारची मानतो. कन्हार म्हणजे काळी, पाणी धरून ठेवणारी. मटासी पिवळसर, धानाची. डोरसा या दोहोंच्या मधली. आणि चौथी भाठा. लाल, मुरमाड, उंचावरची. हिच्यात गवतही उपकार केल्यासारखं उगवतं. पोलाद कारखान्याची वसाहत बसली ती बहुतेक भाठ्यावर. ज्याला ज्याला देव बसवायचा होता त्याला भाठ्याचा एक तुकडा मिळाला, आणि त्यापायी कोणाचं पोतंभर धानही बुडालं नाही. जिथे काही पिकत नाही तिथे सगळे धर्म गुण्यागोविंदाने राहतात. कन्हार वाटायची असती तर किती गुण आणि किती गोविंद उरले असते, ते मोजायला मला आवडलं असतं.

मोजणं हीच माझी नोकरी आहे. कारखान्यात येणाऱ्या कच्च्या मालाचे नमुने घ्यायचे, सुकवायचे, कुटायचे, चाळायचे आणि लोखंड किती, सिलिका किती, ओल किती ते टक्क्यांत सांगायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे कुठलाही ढीग पाहिला की मला आधी टक्के दिसतात. बायको म्हणते, "मले पाहाले आले तवा बी यायनं पहिले ओलच पाहिली असंन."

आम्ही मूळचे तुमसरकडचे. वडील कारखान्यात लागले आणि आम्ही इथले झालो. मुलं हिंदीत भांडतात, हिंदीत स्वप्नं पाहतात, मराठी त्यांना जेवायला बसल्यावर आठवते. कुलदेवीचं ठाणं त्यांनी पाहिलेलं नाही. घरात गावाकडचं म्हणून जे उरलं आहे ते नवरात्रातला घट. पत्रावळीवर काळी माती पसरायची, तिच्यात गहू पेरायचा, मधे पाण्याचा कलश, वर रोज एक माळ, बाजूला अखंड दिवा. हे महाराष्ट्रात सगळीकडेच आहे. आमच्या घराण्याचा नियम मात्र एक जास्तीचा आहे. घटाची माती आपल्याच वावरातली पाहिजे. दुसऱ्याच्या वावरातली चालत नाही, विकत घेतलेली तर नाहीच नाही.

त्यामुळे दरवर्षी पितृपक्षात गावाहून मातीची पिशवी निघायची. माझा मामेभाऊ चरोद्याला रेल्वेत आहे. गोंदियाहून लोकलने दुर्गला येताना तो ती पिशवी घेऊन यायचा आणि दुर्गहून ती आमच्याकडे. डब्यातल्या एका पोलिसाने एकदा ती पिशवी उघडायला लावली होती. आत निव्वळ माती पाहून त्याला जास्तच संशय आला.

आईने शेवटच्या दुखण्यात घट बायकोच्या हाती दिला. सोनं दोन्ही सुनांमध्ये सारखं वाटलं, पण घट हिला एकटीलाच. देताना म्हणाली, "माती वावरातलीच घेजो. नाही भेटली तं बसवूच नको. देवीले फसवाचं नाही." पुढे म्हणाली की एकदा खंड पडला की तो घट पुन्हा घरात बसत नाही. माझ्या मते हा दुसरा नियम तिने त्या क्षणी तयार केला होता. पण मरणाऱ्या माणसाला संदर्भ विचारता येत नाही.

मी सांगतो आहे त्या वर्षी, पितृपक्ष लागायच्या सुमाराला गावाहून चुलतभावाचा फोन आला.

"दादा, वावर गेलं रोडात."

"किती गेलं?"

"पुरंच गेलं. चार पदरी आहे. आता तेथं मुरूम टाकून राहिले."

म्हणजे आमची काळी कन्हार खाली आणि तिच्यावर भाठा. आमच्या गावाकडेही कन्हारच म्हणतात. भाठ्याला तेवढं बरडी म्हणतात. चुलतभाऊ भला माणूस. म्हणाला, "धुऱ्यापलीकडच्या वावरातली पाठवून देऊ का? तेवढीच काळी आहे."

मी बायकोकडे पाहिलं. फोनचा आवाज बाहेर येत होता. तिने मान हलवून नाही म्हटलं आणि आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, पण तो मला उद्देशून नव्हता. "इतक्या वर्साचा घट. अन् बंद पडाचा तं माह्याच हातानं पडाचा."

त्याच आठवड्यात कॉलनीच्या उत्सव समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष कारखान्याच्या ब्लेंडिंग यार्डातून निवृत्त झालेले. वेगवेगळ्या खाणींतून येणारं खनिज तिथे थरावर थर पसरून मोठा लांब ढीग करतात आणि मग तो आडवा कापत जातात. म्हणजे प्रत्येक फावड्यात सगळ्या खाणी सारख्या येतात. जन्मभर हे करून त्यांना असं वाटू लागलं होतं की देशाचा प्रश्नही याच रीतीने सुटेल, फक्त एवढं मोठं यार्ड कोणी देत नाही.

"इस बार एकता घट बैठेगा," ते म्हणाले. "हर परिवार अपने गाँव की मिट्टी लाएगा. सारी मिट्टी एक, उसमें एक अनाज. जवारा निकलेगा तो पूरे देश का निकलेगा."

नवरात्रात पेरलेल्या धान्याच्या अंकुरांना इथे जवारा म्हणतात. टाळ्या पडल्या. मग माती गोळा करून नीट मिसळायची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला 'माती प्रमुख' करण्यात आलं. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला.

"देशाची माती जमा कराले तुमी. अन् आपल्या घटाले मूठभर नाही."

"ते वेगळं, हे वेगळं."

"हो जी. ते टाळ्यायचं, हे बायकोचं."

पंधरा दिवसांत माझी बाल्कनी भरली. बंगाली दादांनी गंगेचा गाळ आणला, पावडरसारखा मऊ, आणि तो देताना बूट काढले. आंध्राकडच्या शेजाऱ्यांची तांबडी माती आली. पंजाबहून गव्हाच्या शेतातली आली, ती सरदारजींनी नमुना म्हणून मागितली त्याच्या दसपट दिली, कारण कमी देणं त्यांना जमत नाही. बिहारच्या कुटुंबाने छठपूजेच्या घाटावरची दिली. ओडिशाच्या बाबूंनी पुरीच्या समुद्रकाठची वाळू दिली आणि म्हणाले की ही माती नाही हे मला माहीत आहे, पण जगन्नाथाला माहीत असण्याची गरज नाही. केरळच्या गृहस्थांनी आपल्या चर्चच्या अंगणातली माती खास पार्सलने मागवली. उघडून पाहिली तर लाल, खड्याखड्यांची, हुबेहूब आमचा भाठा. मी तसं बोललो तेव्हा ते दुखावले. दोन हजार किलोमीटरवरून आलेल्या वस्तूला कोणी अंगणातली म्हणू नये, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बाजारात बेकरीवाले एक चाचा आहेत. त्यांच्याकडे मी गेलो तर ते हसले. "भाईसाब, हमारे यहाँ मिट्टी लाते नहीं, मिट्टी में जाते हैं. मेरी वाली आप बाद में ले लेना."

फक्त एका घराला कोणी विचारलं नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून छत्तीसगढी कुटुंब आहे. त्या बाई शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. सगळी कॉलनी त्यांना दीदी म्हणते. मी अध्यक्षांना त्यांची आठवण करून दिली. ते म्हणाले, "उनकी तो यहीं की है. नीचे है ही." म्हणजे देशभराची माती जिच्यावर ठेवायची ती जमीन सोडून बाकी सगळ्यांना निमंत्रण.

मिसळण्याची बैठक लांबली. प्रमाण राज्याप्रमाणे ठेवायचं की घरांच्या संख्येप्रमाणे? राज्याप्रमाणे ठेवलं तर केरळच्या एका घराला आंध्राच्या घरांच्या पुऱ्या लाइनीएवढं वजन येत होतं. घरांप्रमाणे ठेवलं तर ओडिशाचे बाबू उठून जात होते. अध्यक्षांनी थर लावायचं सुचवलं, तर खालचा थर व्हायला कोणी तयार होईना. गंगा खाली कशी जाईल, हा दादांचा प्रश्न. गंगा खालीच जाते, हे सरदारजींचं उत्तर. मग एका सज्जनांनी हळूच मुद्दा काढला की कोणत्या मातीत काय काय पडलेलं, पुरलेलं असेल त्याचा भरवसा काय. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पिशवीकडे पाहिलं.

तोडगा मी काढला. नमुन्याला आम्ही जे करतो तेच करायचं. सगळी माती वाळवायची, कुटायची, तीन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, एकशे पाच अंशांवर तापवायची. विस्तव सगळ्याच धर्मांना शुद्ध वाटतो. एकाही घराने हरकत घेतली नाही. कारखान्याचा ओव्हन खाजगी कामाला वापरणं नियमात बसत नाही, म्हणून बेकरीवाल्या चाचांनी आपली भट्टी दिली. टोस्टच्या ट्रेमध्ये देशाची माती भाजली गेली. घरी आणली तेव्हा तिला खारीचा वास येत होता.

मी तिचा अहवालही काढला. सिलिका, अल्युमिना, लोखंड, ओल शून्य. समितीत तो वाचून दाखवला, सगळ्यांना पसंत पडला. तिच्यात काही उगवेल का, हे मला कोणी विचारलं नाही आणि माझ्या अहवालात तो रकाना नसतो.

इकडे घट बसायला दोन दिवस उरले. मी बायकोला म्हणालो, "या एकता मातीतली थोडी घे. सगळ्या देशाची आहे, म्हणजे आपलीही आलीच."

"यात आपलं वावर कोठी आहे?"

"वावर नाही. पण तत्त्व म्हणून..."

"तत्त्वावर गहू पेरू काय?"

मग मी शास्त्राकडे वळलो. तिला सांगितलं की तुमसरची कन्हार आणि दुर्गची कन्हार यांत फरक नाही. दोन्ही काळ्या, दोन्ही उन्हाळ्यात भेगाळतात, पावसात चिखल होतात, दोघींचा सामूही, म्हणजे आम्लतेचा आकडाही, जवळपास एकच. दीदींचं शेत बोरसीच्या पुढे, जिथे घरं संपतात तिथे आहे, तिथली आणू.

ती म्हणाली, "रक्तगट एकच असला म्हनून कोणी भाऊ होते काय?"



रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत असताना ती कुंपणाशी उभी राहून दीदींशी बोलत होती. दीदी नवरात्रात घरी जवारा पेरतात, त्यासाठी शेतातली कन्हार आणतात. बायकोने आपला नियम त्यांना सांगितला, आईचं बोलणं सांगितलं, वावर कसं गेलं ते सांगितलं. मागितलं काहीच नाही. मी पेपर खाली ठेवला.

दीदींचाही एक नियम निघाला. त्या छत्तीसगढीत म्हणाल्या, "हमर घर के माटी नवरात म बाहिर वाले ल नइ देवन." बाहेरच्यांना देत नाहीत. म्हणजे आमच्या घराला बाहेरची माती चालत नव्हती आणि त्यांच्या घराला बाहेरचा माणूस. दोन्ही बायका एकमेकींकडे आदराने पाहत उभ्या होत्या. दोघींनाही बहुधा असं वाटलं की चला, एक तरी घर नीट चालवणारं आहे.

मग दीदी म्हणाल्या, "गंगाजल बदबो का?"

बायकोला कळलं नाही. मला अर्धं कळलं. गंगाजल बदणं ही इथली एक रीत आहे. दोन माणसं देवासमोर गंगाजल एकमेकांना पाजून नातं बांधतात. जात आडवी येत नाही. त्यानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची तीही 'गंगाजल' म्हणूनच. ही मैत्री नव्हे. हे सख्खं नातं. एकीच्या घरचं लग्न ते दुसरीच्या घरचं लग्न, एकीच्या घरचं मरण ते दुसरीच्या घरचं मरण, आणि हे पुढच्या पिढ्यांनाही लागू. सोडायची सोय नाही. मी नियमावली वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही, म्हणून मी मधे बोललो, "एकदा विचार करून..."

"तुमी पेपर वाचा," बायको म्हणाली.

तिने दीदींना एकच विचारलं. तिचं हिंदी आमच्या लग्नापासून मराठीच्या चालीवर चालतं. "गंगाजल झाली, तो फिर तुमचं वावर मतलब मेरा वावर?"

"त अउ काकर?" दीदी म्हणाल्या. नाहीतर मग कोणाचं?

घट बसायच्या सकाळी, तुळशीसमोर, दोघींनी आपापली गंगाजळी फोडली. प्रत्येक घरात असते तशी, सील केलेली, कोणाच्या तरी मरणासाठी राखून ठेवलेली तांब्याची लोटी. एकमेकींच्या ओंजळीत पाणी घातलं, प्यायल्या, नारळ बदलले, एकमेकींच्या पाया पडल्या. दीदी वयाने दहा-बारा वर्षांनी मोठ्या, तरी पाया त्याही पडल्या. रीतच तशी. "सीताराम, गंगाजल," त्या म्हणाल्या. बायको म्हणाली, "सीताराम, गंगाजल," आणि लाजली. इतक्या वर्षांत मी तिला लाजताना फारसं पाहिलेलं नाही.

मुहूर्त जवळ आला होता. मी तिला स्कूटरवर बसवून बोरसीच्या पुढे नेलं. शेतावर दीदींच्या नवऱ्याचे काका राहायचे, म्हातारे, एकटे, कमरेत वाकलेले. दीदींनी फोन केलेला होता, पण म्हाताऱ्याला अर्धंच ऐकू आलेलं. तो खुरपं घेऊन बांधावर उभा होता.

"माटी काकर बर?" त्याने विचारलं. कोणासाठी?

बायकोने पदर डोक्यावर घेतला. "मी तुमच्या सुनेची गंगाजल," ती मराठीतच म्हणाली.

'गंगाजल' एवढंच त्याला कळलं असावं. तेवढं पुरलं. "त घर के हे," तो म्हणाला, म्हणजे मग घरचीच आहेस, आणि खाली बसून माती खणू लागला. एक खड्डा पसंत पडला नाही, म्हणून पुढे जाऊन दुसरा केला. माती चिकट होती, बोटांना सोडत नव्हती. मी सवयीने एक ढेकूळ उचलून चिमटीत दाबून पाहू लागलो तर बायकोने हातावर चापट मारली. "घटाची आहे."

घट बसला. मुहूर्त टळायला थोडा वेळ होता.

संध्याकाळी मैदानावर एकता घटही बसला. सिमेंटचा मोठा हौद, त्यावर झेंडूची तोरणं आणि प्रत्येक राज्याच्या नावाची पाटी. अध्यक्षांनी माती हौदात भरून वरून दुरमुसाने चोपून सपाट करून घेतली, कारण सैल ढीग घसरतो हे त्यांनी यार्डात पाहिलेलं. त्यावर गहू, त्यावर पाणी, त्यावर भाषण.

तिसऱ्या माळेला आमच्या घरी पांढरे कोंब दिसले. पाचव्या माळेला बोटभर झाले. मैदानावरचा हौद मात्र वरून टणक पापुद्र्याने बंद झाला होता आणि त्याच्यावर पांढरट रेष उमटली होती. ती पुरीच्या वाळूतलं मीठ होतं. बाकीचं काम माझ्या चाळणीने, चाचांच्या भट्टीने आणि अध्यक्षांच्या दुरमुसाने केलं होतं. कोणी एकट्याने बिघडवलं असं म्हणता येत नव्हतं. त्या अर्थाने एकता झाली होती. दादा म्हणाले, तांबड्या मातीमुळे झालं. आंध्राचे म्हणाले, गाळामुळे. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रिपोर्ट तो ठीक था ना?"

"रिपोर्ट अजूनही ठीकच आहे," मी म्हणालो.

अष्टमीच्या आत काहीतरी हिरवं हवं होतं. नर्सरीतून गव्हाच्या तयार रोपांचे ट्रे आले आणि हौदावर मांडले गेले. दाट, एका उंचीचे, पाहणाऱ्याचं मन भरावं असे. मी जवळून पाहिले. ते नारळाच्या भुशात वाढवलेले होते. त्यांच्यात माती औषधालाही नव्हती. लोकांनी त्यासमोर फोटो काढले. केरळच्या गृहस्थांनी मात्र भुसा ओळखला आणि पहिल्यांदाच खूश दिसले.

दसऱ्याला मामेभाऊ चरोद्याहून सोनं द्यायला आला. आमच्या घटातले वीतभर वाढलेले गहू पाहून म्हणाला, "वहिनी, वावर तं गेलं म्हणे. मंग माती कोठची?"

"आपलीच," बायको म्हणाली आणि चार अंकुर खुडून त्याच्या कानामागे खोवले.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी आली. पितृपक्ष संपत आला होता. बायकोने पत्रावळी, कलश काढून ठेवले होते, माती कधी आणायची ते दीदींशी ठरलं होतं. आणि शेतावरचे काका झोपेत गेले. वय झालं होतं, त्रास काही झाला नाही. पण त्यांचं सुतक नवरात्रात पोचत होतं, आणि सुतकात घट बसत नाही.

दीदी स्वतः निरोप घेऊन आल्या. डोळे सुजलेले होते, पण बोलल्या ते आमच्याबद्दल. "तुमन झन रोकव. तुंहर घट बइठारव." तुम्ही थांबू नका, तुमचा बसवा. माती त्यांनी भाच्याकडून आधीच खणून आणवली होती; पिशवी दाराशी ठेवून त्या परत गेल्या.

मी दुर्गच्या आपल्या गुरुजींना फोन लावला. त्यांनी शास्त्र स्वच्छ सांगितलं. "मानलेल्या नात्याला सुतक नाही. खुशाल बसवा." मला हायसं वाटलं. मी बायकोला सांगितलं. ती पिशवीकडे पाहत होती.

"गुरुजीनं नातं मानलेलं म्हटलं?"

"हो. रक्ताचं नाही, म्हणून सुतक नाही."

"माती घेतली तवा घरची होती. अन् म्हातारा मेला तवा शेजारचा झाला?"

"अगं, पण खंड पडेल. आईने सांगितलं होतं ना?"

"सुतकानं राहिला त्याले खंड नाही म्हणत." तिचा आवाज चढला नाही. "मामंजी गेले त्या वर्सी बी आपल्या घरी घट नोता बसला. आईनंच नोता बसवला. मले चांगलं याद आहे."

मामंजी म्हणजे माझे वडील. बायकोने त्या म्हाताऱ्याला त्यांच्या ओळीत बसवला होता. मी हिशेबाचा माणूस, पण यात वजाबाकी कुठे करायची ते मला दिसेना. तिने पत्रावळी पुन्हा फडताळात ठेवल्या आणि साडी बदलून दीदींकडे गेली. त्यांच्या घरच्या चुलीला विस्तव नव्हता, म्हणून आमच्या घरचा स्वयंपाक तिकडे जाऊ लागला. आमच्या घरात ना दिवा, ना माळ. मैदानावर लाउडस्पीकर सुरू झाले तेव्हा ती दीदींच्या ओसरीवर बायकांमध्ये पांढऱ्या साडीत बसलेली होती. अध्यक्षांनी येऊन मला बैठकीला बोलावलं; यंदा ते फक्त भुसाच वापरणार होते. मी म्हणालो, सुतक आहे.

"किसका?"

"घरचंच," मी म्हणालो. त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं, आत सगळे धडधाकट दिसत होते, आणि ते गोंधळून गेले.

दहाव्या दिवशी तलावावर घरचे पुरुष मुंडन करायला बसले. दीदींचे यजमान, त्यांचे भाऊ, पुतणे आणि मी. माझ्या डोक्यावर केस मुळात तीस टक्केच शिल्लक होते, त्यामुळे नुकसान फार नव्हतं. न्हावी गावातला होता, सगळ्यांना ओळखत होता, मला सोडून. माझी पाळी आली तेव्हा त्याने वस्तरा थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"तोर का लागत रिहिस?" तुझे ते कोण लागायचे?

मी मनात ओळ लावली. बायको, तिची गंगाजल, गंगाजलचे यजमान, त्यांचे काका. चार दुवे झाले. न्हावी थांबलाच होता, त्याच्या मागे अजून तीन डोकी होती.

"काका," मी म्हणालो.

त्याने तलावाचं पाणी ओंजळीने माझ्या डोक्यावर मारलं आणि हनुवटीला बोट लावून मान खाली केली.